अंगण खरंच वाकडं होतं

मोठं मशीन थरथरायला लागलं की कारखान्यात सगळ्यात आधी माणूस शोधतात. बेअरिंग त्यानंतर, बोल्ट त्यानंतर, आणि पाया तर अगदीच नाइलाज झाला की. पहिला प्रश्न ठरलेला असतो, "शेवटचा हात कोणाचा लागला होता?" बारा वर्षं मी हा प्रश्न ऐकते आहे आणि बारा वर्षं माझं डोकं फिरतं. आई म्हणते, तुझ्या नाकावर राग आहे. असू दे. नाकावर असला की निदान सगळ्यांना दिसतो तरी.

मी सर्व्हेयर आहे. हे सांगितलं की लोकांना सातबारा आठवतो. आमचे नातेवाईक मला अजूनही गावच्या बांधाची भांडणं सोडवायला बोलावतात. माझी जमीन फार तर तीन-चार मीटर लांब असते आणि ती लोखंडाची असते. मशीन ज्या लोखंडी बेसवर बसलेलं असतं तो बेस सपाट आहे का, त्याचा एखादा कोपरा खचलाय का, मोटर आणि गिअरबॉक्सचे दांडे एका रेषेत आहेत का, हे मी मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत मोजते. टेबलाचा एक पाय आखूड असला की फार तर चहा सांडतो. इथे त्याच टेबलावर कित्येक टनांचं फिरतं धूड असतं, आणि एक कोपरा केसाएवढा खाली गेला तरी ते सगळं अंग हलवून तक्रार करायला लागतं.

आमचं ऑफिस म्हणजे साकीनाक्याला दुसऱ्या मजल्यावरचा एक गाळा. खाली पॉवर प्रेसचे दणके, बाहेर टेम्पो, पलीकडे मेट्रो. तिथे मापाचं यंत्र तपासायचं म्हणजे लग्नाच्या बँडजवळ बसून नाडी मोजण्यासारखं. म्हणून महिन्यातून एकदा सकाळी आम्ही यंत्रं घेऊन आरे कॉलनीत जातो. तबेल्यांच्या मागे एक सरळ, शांत रस्ता आहे. तिथे दोन खुंट्या ठोकून त्यांच्यामधे यंत्र खरं बोलतंय की खोटं ते बघून घेतो. यंत्र खोटं बोललं तर तासाभरात पकडता येतं. मोजणाऱ्या माणसाला तपासायला असा रस्ता नाही, आणि ही गोष्ट त्याचीच आहे.

मुलुंडला मुख्य रस्त्यालगत रबराचे जाड पट्टे बनवणारा एक कारखाना आहे. एके काळी त्या रांगेत कारखानेच कारखाने होते, आता हा एकटा उरलाय. शेजारचा कारखाना चार वर्षांपूर्वी पाडला आणि तिथे टॉवरच्या तळघरासाठी मोठा खड्डा खणला. मग ते काम कोर्टात अडकलं. खड्डा तसाच राहिला, आणि त्यात साठणारं पाणी पंपाने रात्रंदिवस गटारात जात राहिलं. जमिनीतलं पाणी असं उपसत राहिलं की आजूबाजूची माती बसते. हे सांगायला इंजिनियर लागत नाही, विहीर असलेला कोणीही सांगेल.

या कारखान्यात एक जुनं, चार रोलांचं मशीन आहे. रोलांच्या मधून रबर दाबून त्याचा पट्टा निघतो. दोन वर्षांपूर्वी त्याचा गिअरबॉक्स थरथरायला लागला आणि पट्ट्यावर लाटा उठायला लागल्या. आधी कंपनं मोजणारा माणूस आला. गिअरबॉक्स थरथरतोय एवढं त्याने छापून दिलं. मग कारण शोधायला मी गेले. चारही कोपरे मोजले आणि रिपोर्ट दिला: बेस सपाट आहे, पाया सुस्थितीत आहे. खाली माझी सही. त्याच आठवड्यात तिथल्या फिटरने मोटर आणि गिअरबॉक्स पुन्हा एका रेषेत बसवले. थोडे दिवस बरे गेले. मग पुन्हा थरथर, पुन्हा बेअरिंग. दोन वर्षांत तीनदा बेअरिंगं गेली आणि शेवटी गिअरचा दात तुटून मशीन पंधरा दिवस बंद पडलं.

शेवटचा हात फिटरचा होता. म्हणून त्यांच्यावर कामात हलगर्जी केल्याचा आरोप ठेवला आणि चौकशी लावली.

त्यांना सगळे काका म्हणत. मूळचे मालवणकडचे, या एकाच मशीनवर तीस वर्षं, निवृत्तीला दीड वर्ष बाकी. ते पहिल्यापासून एकच सांगत होते, "मी लाइन बरोबर लावली होती. खालीच काहीतरी हलतंय." त्यावर मॅनेजर साहेब सगळ्यांसमोर हसून म्हणाले होते, "नाचता येईना अंगण वाकडं!" ही म्हण मला शाळेपासून आवडत नाही. अंगण खरंच वाकडं असतं कधी कधी. आणि माझा तर धंदाच अंगण मोजायचा आहे.

गंमत अशी की चौकशीत काकांच्या विरुद्ध सगळ्यात मोठा पुरावा होता माझा रिपोर्ट. पाया सुस्थितीत होता हे त्यात लिहिलेलंच होतं. मग उरलं काय? काकांचा हात.

यंदाच्या दसऱ्यानंतर दोन आठवड्यांनी मला पुन्हा बोलावलं. "फक्त कन्फर्म करायचंय मॅडम," मॅनेजर साहेब म्हणाले. "मागच्यासारखंच. चौकशीत ताजा रिपोर्ट लागतो ना." साप्ताहिक सुट्टीचा दिवस होता, मशीन बंद होतं. टेबलावर त्यांची फाइल उघडी पडली होती आणि तीत माझ्या सहीभोवती कोणीतरी पिवळ्या शाईने गोल केला होता. आपली सही अशी दुसऱ्याच्या फासासारखी वापरलेली बघून मला पहिल्यांदा कसंतरी झालं.

काकांना मशीनवरून काढून स्टोअरमधे बसवलं होतं. पण मशीनची झाकणं कुठल्या क्रमाने निघतात हे दुसऱ्या कोणालाच नीट माहीत नव्हतं, म्हणून त्या दिवशी त्यांनाच बोलावलं. ते आले, माझ्याकडे न बघता झाकणं काढली, आणि बाजूला जाऊन उभे राहिले. माझ्या रिपोर्टने त्यांचं काय केलं होतं ते त्यांना माहीत होतं. तरी मला बसायला स्टूल त्यांनीच आणून दिलं.

बेसच्या चार कोपऱ्यांवर तळहाताएवढ्या, घासून सपाट केलेल्या जागा असतात. त्यांना पॅड म्हणतात. बेस बनून निघतो तेव्हा चारही पॅड एकाच पातळीत असतात, म्हणून मोजायचं त्यांच्यावरच. आमच्या कामाचा पहिला धडा असा की पॅडवर रंग असो, तेल असो, गंज असो, खरवडून उघडं लोखंड दिसेपर्यंत थांबायचं नाही. त्यानंतरच माप.

तीन पॅड मी खरवडले. चौथ्याशी आले आणि थांबले.

चौथा पॅड समोरच्या कोपऱ्यावर होता आणि ती पूजेची जागा होती. दसऱ्याला मशीन धुऊन-पुसून रंगवायचं आणि मग त्याची पूजा करायची, ही त्या कारखान्याची रीत. झेंडूची माळ मशीनला, नारळ त्या कोपऱ्यावर फोडायचा, आणि काकांची हत्यारं त्या पॅडवर मांडायची. पूजेत मधोमध त्यांची लेव्हल असायची, म्हणजे काचेच्या नळीत बुडबुडा असलेली ती लोखंडी पट्टी. दोन आठवडे झाले तरी पॅडवर हळदी-कुंकू तसंच होतं, आणि ताज्या निळ्या रंगात झेंडूच्या दोन पाकळ्या चिकटून वाळल्या होत्या.

"तिथलं वरूनच घ्या मॅडम," काका लांबूनच म्हणाले. "मागच्यासारखं."

मागच्यासारखं. हो, दोन वर्षांपूर्वीही मी याच पॅडसमोर उभी राहिले होते, दसऱ्यानंतर चार दिवसांनी. तेव्हाही तिथे हळदी-कुंकू होतं. आणि तेव्हा मी तीन पॅड खरवडून चौथ्यावर वरूनच मापाची पट्टी ठेवली होती. रंगाची जाडी किती असणार असं मनाला सांगितलं होतं. ते खोटं होतं. मी घाबरले होते.

घाबरायचं कारण सांगते. आम्ही बौद्ध. दसऱ्याला आमच्याकडे पांढरे कपडे घालून विहारात जातात, हत्यारांची पूजा वगैरे नसते. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका वर्कशॉपमधे मी पॅडवरचा नारळ उचलून बाजूला ठेवला होता. आरडाओरडा काही झाला नाही. एकाने फक्त गोड आवाजात विचारलं, "मॅडम, आडनाव काय तुमचं?" मी सांगितलं. "अच्छा," तो म्हणाला. त्या अच्छानंतर दिवसभर मला कोणी चहा विचारला नाही. त्या दिवसापासून मी ठरवलं होतं की पूजेच्या कशालाही हात लावायचा नाही. त्याला मी समजूतदारपणा म्हणायचे, व्यवहार म्हणायचे. दहा वर्षं मी माझ्या भीतीला चांगली चांगली नावं देत आले.

आणि त्या भीतीचा हप्ता आता हा समोर उभा असलेला माणूस भरत होता, ज्याचा माझ्या आडनावाशी काही संबंध नव्हता.

मी पिशवीतून खरवडणी काढली.

काका चार पावलांत पुढे आले आणि त्यांनी पॅडवर हात ठेवला. "नको म्हटलं ना! पूजेची जागा आहे ती. पुढच्या दसऱ्यापर्यंत तिथे कोणी पाना पण ठेवत नाय."

"काका, हात काढा."

"तुम्हाला काय समजणार?"

"मला समजतं. मी पूजा करत नाही, मी बौद्ध आहे," मी म्हणाले, आणि माझा आवाज चढला, कारण दहा वर्षं गिळलेलं होतं ते. "पण मी तुमच्या पूजेवर उठलेली नाही. मागच्या वेळी मी इथे हात लावला नाही, वरवर मोजलं, आणि त्या मापावर आज तुमची नोकरी चाललीय. पुन्हा वरवर मोजू? सांगा. मोजते आणि जाते घरी."

काकांनी पॅडला हात लावून कपाळाला लावला, माझ्या हातातून खरवडणी घेतली आणि म्हणाले, "मी काढतो. तू काढलंस तर ओरखडे पाडशील." मॅडमची तू झाले तेव्हा मला बरं वाटलं.

दोन मिनिटांत निघावा असा रंग तो नव्हता. खरवडणीखाली निळा निघाला, त्याखाली पांढरं काहीतरी, मग राखाडी, पुन्हा पांढरं. शेवटी एका कडेला खरवडणी अडकली आणि अर्ध्या तळहाताएवढा अख्खा पापुद्रा खळ्ळकन उचलला गेला. मी तो उजेडात धरला. कडेला थर स्पष्ट दिसत होते. निळा, पांढरा, राखाडी, पांढरा, लाल, पांढरा, हिरवा, पांढरा, आणि तळाला जुन्या रंगांचा पातळ, घट्ट थर.

"हे पांढरं काय आहे?" मी विचारलं.

"पुट्टी."

"पॅडवर पुट्टी?"

काका स्टुलावर बसले. त्यांचा चेहरा उतरला होता. मग त्यांनी सांगितलं ते असं. तीन वर्षांपूर्वी दसऱ्याला त्यांनी नेहमीप्रमाणे पॅडवर लेव्हल ठेवली. बुडबुडा मधे येईना, एका बाजूला सरकला. पूजेत ठेवलेल्या लेव्हलचा बुडबुडा बाजूला, हे काही त्यांना बरं दिसेना. त्यांना वाटलं, इतकी वर्षं नारळ फोडून जागा चेपली असेल. म्हणून त्यांनी पुट्टी भरली, पॉलिश पेपरने घासली, लेव्हल ठेवून बघितली, पुन्हा घासली. बुडबुडा बरोबर मधे आला तेव्हा वरून रंग मारला आणि पूजा केली. पुढच्या वर्षी बुडबुडा पुन्हा सरकलेला. पुन्हा पुट्टी. असं यंदाचा धरून चार दसरे.

मी पापुद्रा हातात धरून ऐकत होते. या माणसाने खचणारा पाया सगळ्यांच्या आधी पकडला होता. यंत्र नाही, कॉम्प्युटर नाही, फक्त एक बुडबुडा. आणि मग इतक्या मन लावून, इतक्या बारकाईने तो खच त्यांनी बुजवला होता की माझ्यासारखीला वरून काहीच दिसू नये. दुसऱ्या कोणी कामचुकार फिटरने तो पॅड इतका सुरेख केलाच नसता. त्यांच्या चांगल्या हातानेच त्यांचा घात केला होता.

उघड्या लोखंडावर माप घेतलं. समोरचा कोपरा बाकीच्या तिघांपेक्षा पाऊण मिलिमीटर खाली गेला होता. खड्डा त्याच बाजूला, भिंतीपलीकडे. पाऊण मिलिमीटर ऐकायला काहीच नाही, पण त्याने अख्खा बेस पिळला जातो आणि त्यावर कोणीही कितीही बरोबर लाइन लावली तरी मशीन चालू झालं की ती टिकत नाही.

मग मी काकांचाच मायक्रोमीटर मागून घेतला आणि पापुद्र्याचे थर मोजत बसले. तळाचे जुने रंग आणि खालचे दोन पुट्टीचे थर, त्यांच्यावरच्या हिरव्या-लाल रंगांसकट, मी पहिल्यांदा आले त्याच्या आधीचे होते. कुठला रंग कुठल्या वर्षी हे काकांना तोंडपाठ होतं, पण त्यावर कोणी विश्वास ठेवला नसता. मग त्यांनीच मोबाइल काढला. दर दसऱ्याला मशीनसमोर सगळ्यांचा फोटो काढून ग्रुपवर टाकतात. चार फोटो, चार रंग, वर तारखा. माझ्या जुन्या मापातून त्या खालच्या थरांची जाडी वजा केली आणि उत्तर समोर आलं: मी सही केली त्या दिवशी तो कोपरा आधीच खचलेला होता. काकांनी लाइन लावली ती वाकड्या अंगणात, आणि अंगण सरळ आहे असं मी त्यांना लिहून दिलं होतं.

"आता काय करणार?" काकांनी विचारलं.

"हेच लिहिणार."

"नको गो," ते एकदम म्हणाले. "पुट्टीचा लिहू नको. यानेच लपवलं म्हणतील. आता नुसता हलगर्जी म्हणतात, उद्या चोर म्हणतील. माका ता नाय सहन होवचा."

त्यांची भीती खोटी नव्हती. मी पापुद्रा कापसात गुंडाळून डबीत ठेवला आणि निघाले.

गाळ्यावर आमच्या सरांनी, म्हणजे ऑफिसच्या मालकांनी, सगळं ऐकून घेतलं. सर वाईट माणूस नाही. त्यांनी मला हे काम शिकवलं. पण जुना रिपोर्ट मागे घ्यायचा म्हटल्यावर त्यांना घाम फुटला. "हात दाखवून अवलक्षण कशाला यार? गेल्या दोन वर्षांत नव्याने खचलं, असं लिही. कोपरा खाली आहे हे तर खरंच आहे. सगळे सुटले."

"काका नाही सुटत," मी म्हणाले. "दोन वर्षांपूर्वी पाया चांगला होता असं राहिलं, तर त्यांनी लावलेली लाइन चुकीचीच ठरते."

"तो आपला माणूस नाहीये."

"माझ्या सहीखाली आलाय म्हणजे माझाच झाला."

सर चिडले. म्हणाले, असला कागद बाहेर गेला तर उद्या प्रत्येक कारखाना आपले जुने रिपोर्ट काढून बसेल, मग तुझ्यासकट सगळ्यांची वाट लागेल. मी म्हटलं, लागू दे. हे धाडस वाटतं ऐकायला, पण जिना उतरताना मी दुसरी नोकरी कुठे मिळेल याचा हिशोब करत होते.

घाटकोपरला घरी येऊन आईला सांगितलं. आई साकीनाक्याच्या शिलाई कारखान्यात लाइनवर होती तीस वर्षं, त्यामुळे सुपरवायझर, मेमो, चौकशी यातलं तिला माझ्यापेक्षा जास्त कळतं. मी का खरवडलं नव्हतं तेही सांगितलं. मला वाटलं ती म्हणेल, असू दे गं, बाईमाणूस एकटी असते अशा ठिकाणी. ती भाजी निवडत म्हणाली, "घाबरलीस ते मला कशाला सांगतेस? ज्याचं वाटोळं होतंय त्याच्यासमोर सांग. आणि मान वर करून सांग, आम्ही तुला मान खाली घालायला शिकवलेली नाही."

चौकशी कारखान्याच्या मीटिंगच्या खोलीत होती, दुपारी. बाहेरून आलेले एक वकील चौकशी अधिकारी म्हणून लॅपटॉप उघडून बसले होते. एका बाजूला मॅनेजर साहेब, समोर काका, इस्त्रीचा शर्ट घालून, हात मांडीवर. मी नवा रिपोर्ट ठेवला, डबी उघडली, फोटो दाखवले, आणि माझा जुना रिपोर्ट चुकीचा होता असं सांगितलं.

मॅनेजर साहेब मागे रेलले. "मॅडम, दोन वर्षांपूर्वी एक बोलता, आज दुसरं. आम्ही कुठल्या सहीवर विश्वास ठेवायचा?"

"आजच्या. या सहीने माझं नुकसान होतंय, मागचीने झालं नव्हतं."

"बरं. पण पुट्टी कोणी लावली? यानेच ना? मग दोष कोणाचा झाला?" ते काकांकडे बघून हसले. काकांनी डोळे मिटले. त्यांना ज्याची भीती होती ते हेच.

"पुट्टी लावली ती पूजेसाठी, सगळ्यांसमोर," मी म्हणाले. "हा फोटो बघा. हा पण बघा. चारही फोटोंत मधोमध तुम्ही उभे आहात आणि नारळ तुमच्या हातात आहे. लपवलं असेल तर तुमच्यासमोर लपवलंय. पॅड रंगवू नये हे फिटरला कोणी सांगितलं होतं? कुठल्या कागदावर आहे? दाखवा. ती जागा खरवडून मोजणं हे माझं काम होतं, त्यांचं नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची असेल तर द्या, पण माझा रिपोर्ट वापरून नाही."

मग वकिलांनी शांतपणे विचारलं, "तुम्ही बाकीचे तीन खरवडले. हाच का सोडलात?"

हा प्रश्न येणार हे मला माहीत होतं. "तिथे हळदी-कुंकू होतं," मी म्हणाले. "मी बौद्ध आहे. मी पूजेला हात लावला तर तुम्ही माझं आडनाव विचाराल, आणि मग मला इथे काम करणं अवघड होईल, असं मला वाटलं. म्हणून सोडला."

मॅनेजर साहेब म्हणाले, "अहो, आमच्याकडे असलं काही नाही," आणि पाण्याचा ग्लास उचलला. वकिलांनी टाइप केलं आणि सहीसाठी कागद छापून माझ्यापुढे सरकवला. मी वाचला. लिहिलं होतं, "सदर पॅडवरील रंग नजरचुकीने काढायचा राहून गेला."

"हे मी बोलले नाही," मी म्हणाले.

"ताई, तुमच्याच भल्यासाठी सौम्य केलंय."

"माझी नजर चुकली नव्हती. मी बघितलं होतं आणि घाबरून सोडलं होतं. तसं लिहा. नजरचूक कोणाचीही होते, मग त्यात यांचाही दोष शोधायला जागा राहते. मी घाबरले ती फक्त माझी गोष्ट आहे."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, लॅपटॉप पुन्हा ओढला आणि लिहिलं. मग विचारलं, "पूर्ण नाव?" मी सांगितलं, आडनावासकट, सावकाश, त्यांना नीट टाइप करता येईल असं. मग सही केली.

महिन्याभराने काकांवरचा आरोप मागे घेतला. पत्रात "पुरेशा पुराव्याअभावी" असं लिहिलं होतं. काकांनी ते घ्यायला नकार दिला. म्हणाले, पुरावा कमी पडला नाही, पुरावा चुकीचा होता, तसं लिहा. आठ दिवस अडून बसले आणि तसं लिहून घेतलं. मग ते मशीनवर परत गेले. बेसखालचं काँक्रीट फोडून तो कोपरा उचलायचं आणि नव्याने भरायचं काम निघालं.

मला मात्र सरांनी साइटवर पाठवणं बंद केलं होतं. तीन महिने मी गाळ्यात बसून दुसऱ्यांची मापं कागदावर उतरवत होते. मी एकदाही माफी मागितली नाही. त्यांनीही काढून टाकलं नाही. दोघेही चहाच्या वेळी भिंतीकडे बघायचो.

मुलुंडचा कोपरा भरून झाल्यावर शेवटचं माप घ्यायला सरांनी आमच्या गाळ्यातल्या सगळ्यात अनुभवी माणसाला पाठवलं. तो सकाळी गेला आणि जेवणाच्या वेळेच्या आत परत आला, यंत्राची पेटी न उघडता. काकांनी झाकणांच्या किल्ल्या खिशात घालून त्याला विचारलं होतं, "तुमची कधी चूक झालीय काय कामात?" हा अभिमानाने म्हणाला, बावीस वर्षांत एकदाही नाही. "मग तुम्ही जावा," काका म्हणाले. "जिने आपली चूक सही करून दिली, तिला पाठवा. तिचंच माप मी धरणार." मॅनेजर साहेबांनी समजावलं, ओरडले, पण किल्ल्या काही खिशातून निघाल्या नाहीत.

सरांनी हे सगळं मला चढ्या आवाजात सांगितलं. मग टेबलावरचा पंखा उगाच बंद केला, पुन्हा चालू केला, आणि म्हणाले, "उद्या पहिली शिफ्ट सातला सुरू होते. वेळेवर जा."

मी पावणेसातला गेटवर होते.